दुतोंड्याच्या कमरेएवढं

पुस्तकाचं मुखपृष्ठ कधीच गळून पडलंय.
बाइंडरने खाकी पुठ्ठा लावून
वर नुसतं लिहिलंय: तत्त्वज्ञान, ११२.
परत करायची तारीख उलटली,
दंड दिवसाला एक रुपया,
आणि मी अजून प्रकरण तीनवर.

प्रकरण तीन म्हणतं,
सत्य असं कुठे बाहेर उभं नसतं.
उभा असतो माणूस, पायाखाली त्याची जागा,
आणि त्या जागेवरून दिसतं तेवढंच.
समासात कुणीतरी, निळ्या शाईने: साफ खोटं!
त्याखाली पेन्सिल, बारीक, तिरकी: कोणाच्या मते?
निळी शाई: माझ्या.
पेन्सिल: मग झालंच की.
पुढची अकरा पानं दोघंही गप्प.

मी पाणी मोजणारा माणूस.
जलसंपदा खात्यात एकोणतीस वर्षं
पूल, पट्टी, बॅटरी, वही.
रात्री-अपरात्री फोनवर आकडा सांगायचा,
पलीकडचा म्हणायचा, बरं.
हल्ली म्हणतो, नक्की का?
आणि मग, तुम्ही कोणाकडचे?

भद्रकालीच्या टपरीवर परवा गांगुर्डे म्हणाला,
मोर्चाला पन्नास हजार होते.
शिरसाठ म्हणाला, पाचशे, त्यात निम्मे भाड्याचे.
मी म्हटलं, मैदानाची लांबी-रुंदी घ्या,
माणशी चार चौरस फूट धरा.
दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसा मी चहाचे पैसे बुडवून निघालोय.
मग गांगुर्डेच हसला,
ज्याचं त्याचं सत्य असतं, भाऊ.

हे तर प्रकरण तीन!
पुस्तकात केवढं नम्र वाटलं होतं ते,
कुणी आलं की बाकावर
जरा सरकून बसावं, तसं.
टपरीवर तेच वाक्य ऐकून
शिरसाठ उठला, ग्लास घेऊन
पलीकडच्या बाकावर गेला.
आता तिथेच बसतो.

सप्टेंबरात गंगापूर धरणातून पाणी सोडलं.
नाशकात क्युसेक कुणाला कळत नाहीत.
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय, एवढंच विचारतात.
घोटा. गुडघा. कंबर.
एक तोंड इकडे, एक तिकडे,
एकाला येणारी नदी दिसत असणार,
दुसऱ्याला गेलेली.
दोघांची साक्ष काढली तर जुळायची नाही.
कंबर मात्र दोघांत एकच.

हे सुचलं तेव्हा मी खूश होऊन
पुस्तक मिटलं, दिवा घालवला.
मग झोप येईना.
कारण माझ्याच वहीत आहे,
माझ्याच अक्षरात,
की तळाला काँक्रीट ओतल्यापासून
कमरेएवढं म्हणजे पूर्वीचं कमरेएवढं नव्हे.
मारुती तोच, नदीच उचलली गेलीय.
म्हणजे पेन्सिलवाल्याचं बरोबर?
पहाटेपर्यंत मी कुस बदलत त्याच्याशी भांडलो.

पण भांडीबाजारात मनोहर कासाराच्या दुकानात
पाणी दुसऱ्या पायरीवर आलं ते आलं.
कोणाच्या मते, असं त्याने विचारलं नाही,
पातेली, घागरी, समया
उचलून माळ्यावर फेकत राहिला.
हातगाडीला पुढून गांगुर्डे होता,
मागून शिरसाठ,
एकमेकांशी अवाक्षर न बोलता.
एकदा मात्र दोघं एकदमच ओरडले: खड्डा!
(खड्डा पाण्याखाली होता. दिसत कुणालाच नव्हता.)

पुस्तक देऊन टाकायच्या आदल्या रात्री
मीही समासात लिहिलं,
पेन्सिलनेच, खोडता यावं म्हणून:
रात्री दोन दहा, होळकर पूल.
पाणी दुतोंड्याच्या कमरेवर चार बोटं.
तळ बदललेला आहे, हे धरून वाचावे.

वाचनालयात मी तेवीस रुपये पुढे केले.
चांदवडकर बाई म्हणाल्या, एकवीसच होतात.
मी म्हटलं, तेवीस.
त्यांनी चष्मा लावला,
ड्रॉवरमधून कॅलेंडर काढलं
आणि दोघांना दिसेल असं
मधोमध ठेवलं.